प्रथिन-स्फटिकाचा डेटा जपताना नेमकं काय जपायचं

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकले की विवर्तनाचे ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून प्रथिनाची रचना काढतात. डिसेंबर २००६ च्या सुमारास एमएसबीए या पेशीपटलातल्या वाहक प्रथिनाशी आणि त्याच्यासारख्या काही प्रथिनांशी संबंधित पाच शोधनिबंध मागे घेतले गेले. चूक एवढुशी होती. डेटावर प्रक्रिया करणाऱ्या, प्रयोगशाळेतच लिहिलेल्या एका प्रोग्रॅममध्ये अनॉमलस जोड्यांचे (एकमेकांसमोरच्या, तीव्रतेत किंचित फरक असलेल्या ठिपक्यांचे) दोन रकाने उलटसुलट झाले होते. आय म्हणजे तीव्रता, एफ म्हणजे तिच्यावरून काढलेलं ॲम्प्लिट्यूड. आय-प्लसची किंमत एफ-मायनसमध्ये जात होती आणि आय-मायनसची एफ-प्लसमध्ये. फरकांचं चिन्ह उलटलं, आणि ज्यात अणू बसवतात तो इलेक्ट्रॉन घनतेचा नकाशा आरशात पाहावा तसा उलटा झाला. रेझोल्यूशन (अँगस्ट्रॉमचा आकडा मोठा तितका तपशील कमी) ढोबळ असेल, म्हणजे ४ अँगस्ट्रॉमच्या पलीकडे, तर हेलिक्स, म्हणजे साखळीचं मळसूत्री वेटोळं, डावा की उजवा हे नकाशात दिसतच नाही. त्यामुळे मॉडेल बसलंही. त्याच कुळातल्या एसएव्ही१८६६ या प्रथिनाची जास्त रेझोल्यूशनची रचना आली, तेव्हा दोन्हींचा मेळ बसेना आणि चूक उघडी पडली.

ही चूक विवर्तन-प्रतिमा आणि छापलेला तक्ता यांच्या मधल्या टप्प्यात होती. तक्ता कितीही निरखला तरी ती दिसली नसती. म्हणून डेटा जपायचा म्हणजे काय, याचं माझ्यापुरतं मोजमाप एकच आहे: दहा वर्षांनी अनोळखी माणसाला या रचनेपासून किती मागे जाता येईल? फक्त कोऑर्डिनेट, म्हणजे अणूंच्या जागा, असतील तर एक पाऊलही नाही. मर्ज केलेल्या, म्हणजे एकाच ठिपक्याची अनेक मोजमापं एकत्र केलेल्या, तीव्रता असतील तर रिफाइनमेंटपर्यंत, म्हणजे मॉडेल डेटाशी जुळवत नेण्याच्या टप्प्यापर्यंत. मर्ज न केलेल्या असतील तर स्केलिंग (सगळी मोजमापं एका मापावर आणणं) आणि स्पेस ग्रुपपर्यंत (स्फटिकाची सममिती). प्रतिमा असतील तर थेट स्फटिकापर्यंत.

तेव्हा सुरुवात प्रतिमांपासून. पिलाटस ६एम डिटेक्टरची एक फ्रेम २४६३ गुणिले २५२७ पिक्सेलची, सीबीएफ स्वरूपात साधारण ६ एमबी. या फाइली सुट्या असतात, त्यामुळे सांभाळायला सोप्या. आयगर डिटेक्टरचं तसं नाही. ०.१ अंशाच्या ३६०० फ्रेम्स एचडीएफ५ स्वरूपाच्या काही डेटा फाइलींत भरलेल्या असतात आणि एक मास्टर फाइल त्यांच्याकडे नावानिशी बोट दाखवते. कोणी नीटनेटकेपणाच्या हौसेने डेटा फाइलींची नावं बदलली की मास्टर फाइलला त्या सापडत नाहीत. ही तक्रार फार नेहमीची आहे. फोल्डरला हवं ते नाव द्या, आतल्या फाइलींना हात लावू नका.

हेडरमध्ये तरंगलांबी, डिटेक्टरचं अंतर आणि बीमचा केंद्रबिंदू असतो, पण असतो म्हणजे बरोबर असतोच असं नाही. फिरवण्याच्या अक्षाची दिशा तर हमखास घोळ घालते. काही बीमलाइनवर (सिंक्रोट्रॉनवरची क्ष-किरणांची प्रयोगजागा) स्फटिक फिरवणारा गोनिओमीटर उलट दिशेने फिरतो. दिशा चुकीची धरली तर मोजक्या फ्रेम्सवर इंडेक्सिंग, म्हणजे ठिपक्यांना क्रमांक लावणं, जमून जातं, पण कोन वाढेल तसे भाकीत केलेले ठिपके खऱ्या ठिपक्यांपासून सरकू लागतात. हे कळायला प्रतिमेसोबत बीमलाइनचं नाव, तारीख आणि त्या दिवशी चाललेली प्रतिमांवर प्रक्रिया करणाऱ्या एक्सडीएस प्रोग्रॅमची इनपुट फाइल किंवा तशाच डायल्सची जिऑमेट्री फाइल असावी लागते. बीमस्टॉपच्या (थेट किरण अडवणाऱ्या तुकड्याच्या) सावलीचा मास्कही त्यातच ठेवा. सावलीतले ठिपके मोजले गेले तर कमी रेझोल्यूशनच्या तीव्रता खोट्याच कमी येतात, आणि बल्क सॉल्व्हंटचं (स्फटिकातल्या मोकळ्या द्रवाचं) मॉडेल त्यावरच उभं असतं. स्फटिक कुठल्या थेंबातला, कुठल्या लिगंडमध्ये (प्रथिनाला चिकटणाऱ्या रेणूत) किती वेळ भिजवला, बीम किती टक्के क्षीण केला, हे हेडरमध्ये सहसा नसतं. साध्या टेक्स्ट फाइलीत लिहा. डोस, म्हणजे स्फटिकाने शोषलेली किरणांची मात्रा, तीही लिहा. १०० केल्विनला ३० मेगाग्रे ही सर्वसाधारण मर्यादा मानतात, पण डायसल्फाइड बंध आणि आम्लगट त्याच्या कितीतरी आधी तुटू लागतात. अशा डेटातून (डायसल्फाइड तुटून उरलेलं) ‘मोकळं सिस्टीन’ सापडलं म्हणून आनंदून जाऊ नये.

आता गुणवत्तेचे आकडे. आर-मर्ज, म्हणजे एकाच ठिपक्याच्या मोजमापांतली तफावत, अजूनही तक्त्यात दिसतो आणि मला ते खटकतं. एकच रिफ्लेक्शन (विवर्तनाचा ठिपका) जितक्या जास्त वेळा मोजाल तितका तो वाढतो, म्हणजे डेटा सुधारला की आकडा बिघडतो. आर-मीसमध्ये प्रत्येक रिफ्लेक्शनला एन भागिले (एन वजा एक) याचं, एन म्हणजे मोजमापांची संख्या, वर्गमूळ गुणून हे दुरुस्त केलेलं असतं. दोनदा मोजलेल्याला १.४१, दहादा मोजलेल्याला १.०५. रेझोल्यूशन कुठे तोडायचं यासाठी २०१२ पासून सीसी-हाफ रुळला आहे. मोजमापांचे यादृच्छिक दोन भाग करायचे आणि त्यांचा एकमेकांशी सहसंबंध पाहायचा. शेवटच्या शेलमध्ये, म्हणजे सर्वात बारीक रेझोल्यूशनच्या पट्ट्यात, ०.३ च्या आसपास असला तरी त्या डेटात उपयोगाची माहिती असू शकते. ती आहे की नाही हे पेअर्ड रिफाइनमेंटने (तो डेटा धरून आणि वगळून केलेल्या रिफाइनमेंटची तुलना) तपासा, ठरीव उंबरठ्याने नको.

मात्र दोन्ही भागांत सारखीच शिरलेली चूक सीसी-हाफला दिसत नाही. बर्फाची वलयं त्यातलीच. ३.९०, ३.६७ आणि ३.४४ अँगस्ट्रॉमला विल्सन प्लॉटमध्ये (रेझोल्यूशननुसार सरासरी तीव्रतेचा आलेख) उंचवटा दिसला तर प्रतिमा उघडून बघाच. ट्विनिंगही, म्हणजे दोन दिशांचे स्फटिक एकात एक वाढणंही, तसंच. तीव्रतेच्या वर्गाची सरासरी भागिले सरासरीचा वर्ग हे गुणोत्तर साध्या स्फटिकात २.० असतं, पूर्ण ट्विनमध्ये १.५. ट्विनिंगच्याच एल-टेस्ट या दुसऱ्या चाचणीची सरासरी अनुक्रमे ०.५ आणि ०.३७५. या चाचण्या मर्ज करताना निवडलेल्या स्पेस ग्रुपवर अवलंबून असतात, आणि तो निर्णय फिरवायचा तर मर्ज न केलेला डेटाच लागतो. त्याची एमटीझेड फाइल त्याच दिवशी जपली नसेल तर पुढे ती कोणाकडेच सापडत नाही.

आर म्हणजे मॉडेल आणि डेटा यांच्यातली तफावत, आणि आर-फ्री म्हणजे रिफाइनमेंटमध्ये न वापरता बाजूला ठेवलेल्या रिफ्लेक्शनवर मोजलेली तीच तफावत. आर-फ्रीच्या खुणांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे रचनेचं खरंखुरं नुकसान होतं आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. सीसीपी४ या प्रोग्रॅम-संचाच्या परंपरेत रिफ्लेक्शनना ० ते १९ असे आकडे वाटलेले असतात आणि ० वाले चाचणीसाठी बाजूला राहतात. एक्सप्लोर आणि सीएनएस या प्रोग्रॅमच्या परंपरेत १ म्हणजे चाचणी. सीसीपी४ ची फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने ‘१ म्हणजे चाचणी’ असं समजून वाचली, की ज्यांच्यावर मॉडेल आधीच घासूनपुसून बसवलंय तेच ५ टक्के परीक्षक होतात. आर आणि आर-फ्री यांच्यातलं अंतर एका रात्रीत नाहीसं झालं तर खूश होऊ नका, आधी खुणा तपासा. एरवी २ अँगस्ट्रॉमच्या आसपास हे अंतर तीन ते पाच टक्क्यांचं असतं. तीच चूक दुसऱ्या वाटेने होते: त्याच स्फटिकरूपाचा नवा, लिगंडवाला डेटासेट येतो, प्रोग्रॅम नव्या खुणा पाडतो आणि जुनं मॉडेल त्यावर ठेवलं जातं. उपाय सोपा आहे. प्रत्येक स्फटिकरूपासाठी, अपेक्षेपेक्षाही जास्त रेझोल्यूशनपर्यंत खुणांची एकच फाइल बनवायची, ती केवळ वाचता येईल अशी ठेवायची आणि प्रत्येक नव्या डेटासेटमध्ये तिथूनच घ्यायची. ती हरवलीच तर नव्या खुणा पाडून कोऑर्डिनेट हलवून घ्या, बी-फॅक्टर (प्रत्येक अणूच्या हलण्याचं माप) सपाट करा आणि आर-फ्री स्थिरावेपर्यंत पुन्हा रिफाइन करा.

मॉडेलची तपासणी करताना एक भान हवं. रामचंद्रन प्लॉटलाच (साखळीच्या कण्यातल्या कोनांचा आलेख) रिफाइनमेंटमध्ये बंधन म्हणून घातलं असेल तर तोच प्लॉट पुरावा म्हणून दाखवता येत नाही. तेव्हा रामा-झेड बघा, म्हणजे त्या कोनांची एकूण वाटणी नेहमीपेक्षा किती वेगळी आहे ते; शून्यापासून ३ पेक्षा दूर असेल तर कण्याची ठेवण शंकास्पद आहे. लिगंडच्या बाबतीत तो काढून टाकून केलेला नकाशा दाखवा, नकाशाशी त्याचा सहसंबंध ०.८ च्या खाली असेल तर जपून बोला, आणि त्याचा बी-फॅक्टर शेजारच्या साखळीच्या दुप्पट असेल तर ऑक्युपन्सी (किती टक्के रेणूंत तो खरोखर बसला आहे) तपासा. पाणी म्हणून ठेवलेल्या अणूभोवती २.१ अँगस्ट्रॉमवर सहा ऑक्सिजन असतील तर ते पाणी नव्हे, बहुधा मॅग्नेशियम आहे.

प्रोटीन डेटा बँक १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झाली, पण स्ट्रक्चर फॅक्टर (रचनेमागचा विवर्तनाचा डेटा) देणं सक्तीचं झालं ते १ फेब्रुवारी २००८ पासून. त्याआधीच्या कित्येक रचना नुसत्या कोऑर्डिनेटच्या रूपात उरल्या आहेत, त्यांचा नकाशा काढायला काहीच नाही. जुलै २०१९ पासून स्फटिकशास्त्राच्या नोंदी एमएमसीआयएफ स्वरूपातच घेतल्या जातात. जुन्या पीडीबी स्वरूपात ९९,९९९ अणू आणि ६२ साखळ्या यापुढे जागाच नव्हती. नोंद करताना केवळ ॲम्प्लिट्यूड देऊ नका. तीव्रतेवरून ॲम्प्लिट्यूड काढताना ऋण मोजमापं धन होतात आणि ते परत फिरवता येत नाही. मर्ज केलेल्या तीव्रता, मर्ज न केलेला डेटा आणि वापरलेल्या खुणा, तिन्ही एकाच फाइलीत वेगवेगळ्या ब्लॉकमध्ये मावतात. प्रतिमा झेनोडो या खुल्या डेटा-भांडारावर किंवा विवर्तन-प्रतिमांसाठीच्या भांडारात ठेवून त्यांचा डीओआय (कायमचा ओळख-क्रमांक) नोंदीत लिहिता येतो.

दीर्घकाळाच्या साठवणुकीत पहिलं काम बीमलाइनवरच उरकायचं. मूळ डिस्कवर असतानाच प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ चेकसम (फाइल बदलली की बदलणारा ठसा) काढायचा. कॉपी झाल्यावर काढलेला चेकसम कॉपीतल्या चुकीवरच शिक्कामोर्तब करतो. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत आणि एक नेटवर्कपासून तोडलेली. एचडीएफ५ मधल्या फ्रेम्स बिटशफल-एलझेड४ पद्धतीने दाबलेल्या असतात, तेव्हा ते उलगडणाऱ्या प्लगइनचा सोर्स कोडही शेजारी ठेवा. जागा कमी पडली तर चाचणीचे शॉट आणि विवर्तनच न झालेले स्फटिक खुशाल पुसा, पण छापलेल्या रचनेमागचा एकही डेटासेट पुसू नका.

वर्षातून एकदा एखादा डेटासेट कोऱ्या मशीनवर उतरवून फक्त सोबतच्या टिपणांवरून मर्जपर्यंत न्या आणि शेवटच्या शेलचा सीसी-हाफ जुन्या लॉगशी ताडून पाहा. हे काम ज्याने तो डेटा गोळा केला नाही त्याच्याकडे द्या. तो जिथे अडेल तेवढं टिपण अपुरं आहे. बहुतेकदा अडतं ते अगदी साध्या जागी: फाइली प्रयोगशाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या खात्याच्या मालकीच्या असतात, आणि वाचण्याची परवानगी दुसऱ्या कोणालाच नसते.