पुन्हा लाईट नको

लातुरात दातांना तारा लावणाऱ्याची सुगी एप्रिल-मे महिन्यांत. शिकवणीची पोरं मोकळी होतात, लग्नाळू मुलीही याच दिवसांत येतात. त्या दुपारी औसा तालुक्यातली वीस वर्षांची मुलगी आईबरोबर आली. वरचे पुढचे दात पुढे-मागे, खाली तर नुसती दाटी. फॉर्मवर 'पूर्वीचा मोठा आजार' यापुढे 'नाही' लिहिलेलं. तोंड बघता बघता माझा हिशेब झालाही होता: चार उपदाढा काढायच्या, त्या जागेत बाकीचे दात सरकवायचे, दीड-दोन वर्षांत मोकळे. डावा गाल जरा बसका वाटला. पण दोन्ही बाजू सारख्या कुणाच्या असतात, असं म्हणून मी पुढं गेलो. आता ते आठवलं की चरकतो.

ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्यांचा एक्स-रे, काढायला मुलीला मशीनपाशी उभं केलं, तशी आई मध्ये आली.

"पुन्हा लाईट नको, डॉक्टर. लेकराला लहानपणी लय लाईट बसलीय."

"कसली लाईट?"

बराच वेळ गप्प. मग मुलीकडं न बघता म्हणाल्या, "गालात गाठ होती. सहा वर्षांची होती तवा. बार्शीला शेक दिले. अठ्ठावीस."

मुलीला आजवर 'गळू झालं होतं' एवढंच सांगितलेलं. स्थळं बघायची, कॅन्सरचं नाव कोण काढणार? ती हळूच म्हणाली, "तो जाळीचा मुखवटा आठवतो मला. टेबलाला आवळायचे."

आईची भीती तशी चुकीच्या जागी होती. माती-आकाशातून आपल्याला दोन-चार दिवसांत जेवढे किरण मिळतात, तेवढेच एका ओपीजीत. गाठ मारायच्या शेकाशी, म्हणजे रेडिएशनशी, त्याची तुलनाच नाही. हे समजावून फोटो काढला खरा, पण त्या भीतीनंच मला वाचवलं.

फोटोत उजवीकडं सगळं जागच्या जागी. डावीकडं खालचा जबडा बारका, अक्कलदाढेचा पत्ताच नाही, उपदाढांची मुळं हरभऱ्याच्या नाकाएवढी. सहाव्या वर्षी ही मुळं नुकती धरू लागलेली असतात. शेक बसला आणि ती तिथंच थांबली.

लोकांना वाटतं तार दाताला ओढते. ती खरं तर हाडाला कामाला लावते. दात ज्या बाजूला रेटला जातो तिथलं हाड काही पेशी खातात, मागं राहिलेल्या जागेत दुसऱ्या पेशी नवं हाड भरतात. दोघींनाही रक्त लागतं. शेकानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड भरणाऱ्या पेशी घटतात, आणि वर्षं लोटली तरी हे नुकसान पूर्ण भरून येत नाही. १९८३ साली जबड्याचे सर्जन रॉबर्ट मार्क्स यांनी अशा हाडाचं वर्णन केलं ते रक्त कमी, पेशी कमी, प्राणवायू कमी असं. त्यातून खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच तोकडा. तिथली दाढ काढली आणि खड्डा भरलाच नाही तर हाड उघडं पडून मरतं. शिकत असताना गुटख्याच्या कॅन्सरवाल्यांत हे पाहिलंय: हनुवटीखालून पू, आत करडं हाड. म्हणून तर खराब दात शेकाआधी काढून जखम भरू द्यायची असते. इथं मी चांगल्या दाढा काढायला निघालो होतो.

पुढच्या आठवड्यात युरियाच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल आली. डावी बाजू, २८ शेक, एकूण ५०.४ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचं माप). मुलीनं ती माझ्याआधी वाचली, पानन् पान.

ठरलं ते असं: एकही दात काढायचा नाही. खालच्या दातांना हात लावायचा नाही, ते वाकडेच राहतील. वरचे पुढचे सहा तेवढे अगदी बारीक तारेनं, जेवढे येतील तेवढे. दाढा किडू नयेत म्हणून फ्लोराइड, कारण त्या बाजूला लाळही कमी. "म्हणजे अर्धंच काम?" आईनं विचारलं. मी हो म्हणालो. पैसेही अर्धेच, हे ऐकून जरा हायसं वाटलं त्यांना. सोयाबीनला भाव नव्हता.

आठ महिने झाले. वरची ओळ बरीच जुळली. पण गेल्या खेपेच्या एक्स-रेत वरच्या डाव्या सुळ्याच्या मुळाचं टोक किंचित झिजल्यासारखं दिसलं. तार तशीच ठेवून तीन महिने नुसतं थांबायचं ठरवलंय. मुलीचा दर पंधरा दिवसांनी फोन येतो, "सर, अजून थांबलेलंच का?"