सायनोलायका वही : ९ पैकी ३

ठेंगू जे (ड्वार्फ जे) हा पक्षी एकदाचा वहीत चढला. सायनोलायका हा ‘जे’ पक्ष्यांच्या नऊ जातींचा गट, त्यातला हा माझा तिसरा. सिल्व्हरी-थ्रोटेड जे कोस्टारिकात सान हेरार्दो दे दोताला मिळाला होता, टर्क्वाइज जे इक्वेडोरमध्ये यानाकोचाला. दोन्ही तसे सोपे गेले. हा मात्र फक्त मेक्सिकोत, तोही थोडक्याच डोंगरांत.

जागा ला कुंब्रे. ओआहाका शहराच्या उत्तरेला, सिएरा हुआरेस डोंगररांगेच्या वाटेवर, २,७०० मीटरच्या वर. ओक-पाइनचं दमट जंगल, फांद्यांवर शेवाळ आणि दगडफुलाच्या भाऊबंदांच्या लोंबत्या दाढ्या. जानेवारीत पहाटे बोटं इतकी गारठतात की फोकसचं चाक फिरत नाही.

पहिले दोन दिवस वाया घालवले, कारण निळा रंग शोधत बसलो. जे पक्ष्याच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाश विखुरतो म्हणून ती निळी दिसतात. धुक्यात आणि सावलीत हा पक्षी पाटीसारखा काळपट. त्यात कावळ्याच्या कुळातला म्हणून डोक्यात काहीतरी दांडगं बसलेलं. प्रत्यक्षात लालबुड्या बुलबुलाएवढा, वजन जेमतेम ४० ग्रॅम!

तिसऱ्या सकाळी डोळ्यांपेक्षा कानांवर भिस्त ठेवली. विणीचा हंगाम नसताना हे पक्षी ग्रे-बार्ड रेन या दुसऱ्या पक्ष्यांच्या थव्यांबरोबर फिरतात, हे वाचलेलं होतं, पण रेनचा आवाज पाठ करून जायचं सुचलं नव्हतं. या रेनना तिकडे ‘मात्राका’ म्हणतात, म्हणजे करकर वाजणारा खुळखुळा. नाव अगदी चपखल. वरच्या बाजूने करकर आली, मी उतारावर तसाच थांबलो. सात-आठ रेन गेले आणि मागोमाग एक काळा मुखवटा. फांदीवरच्या ब्रोमेलियाडमध्ये (अननसाच्या कुळातली वनस्पती) चोच खुपसून त्याने कुजलेली पानं उपसली, एकेक खाली टाकली, मग मान वर केली. फिकट निळा गळा लख्ख दिसला. पंधरा सेकंद, फार तर.

फोटो टाकाऊ: आयएसओ ६४०० वर दाणेदार आलेले आणि शेपटी हललेली. ध्वनिमुद्रणात नुसते रेनच. नोंद तरीही पक्की धरतोय.

घरी फोनवर सांगितलं तर बाबा म्हणाले, “ब्लू जे? तो तर आपल्या तारेवर रोज बसतो.” त्यांचा म्हणजे नीलपंख. इंग्रज त्यालाच ब्लू जे म्हणायचे, तो घोळ अजून निस्तरतोय. जेचा आपल्याकडचा खरा नातलग टकाचोर. आणि जेला मेक्सिकोत ‘चारा’ म्हणतात हे ऐकल्यावर बाबांनी विषय गुरांवर नेला, तो परत आलाच नाही.

पुढचा व्हाइट-थ्रोटेड जे, सिएरा माद्रे देल सूरमध्ये. तिकडे जाण्याआधी त्याचा आवाज पाठ करणार, आणि या वेळी बोटं उघडी राहणारे हातमोजे घेणार.