ब्यूलीचा ऑटोजंबल: जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींचे पार्ट घेताना कुठे फसगत होते

हॅम्पशरमध्ये ब्यूलीच्या मोटर संग्रहालयाशेजारी सप्टेंबरात भरणारा हा ऑटोजंबल, म्हणजे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, १९६७ पासून चालू आहे. नॉर्टन, ट्रायम्फ, बीएसएसाठी जाणाऱ्यांनी एवढं धरूनच जावं, की इथे चारचाकीचा माल जास्त. मोटरसायकलवाले स्टॉल मैदानभर विखुरलेले, अर्धा दिवस ते हुडकण्यातच जातो. ओतीव लोखंडाचं बॅरल (इंजिनाचा सिलिंडर) घ्यायचंच असेल तर निघताना घ्या. गवतातून ते वागवत फिरणं म्हणजे शिक्षा आहे.

सोबत व्हर्नियर, आट्यांचं गेज, स्टीलची पट्टी, टॉर्च आणि कार्ब क्लीनरचा कॅन हवाच.

सगळ्यात जास्त लूट अमाल या ब्रिटिश कंपनीच्या कॉन्सेंट्रिक मॉडेलच्या कार्ब्युरेटरमध्ये (थोडक्यात कार्ब) आहे. पिवळी पडलेली पेटी, मेणकागद, 'जुन्या साठ्यातला, न वापरलेला' असं ठासून सांगणं आणि नव्याच्या वरची किंमत. आत निघते ती घासूनपुसून चकचकीत केलेली वापरलेली बॉडी. बॉडी जस्ताच्या मिश्रधातूची, आत वर-खाली होऊन हवा कमी-जास्त करणारी स्लाइडही त्याचीच; दोन्ही एकमेकांवर घासून झिजतात आणि पॉलिशने झीज भरून येत नाही. वरचं झाकण काढायला लावा. स्लाइड कोरडी बसवा, अर्धी वर उचला आणि इंजिनाच्या दिशेने मागे-पुढे हलवा. खडखडली तर ठेवून द्या. तिथून हवा खेचली जाणार आणि गाडी आयडलवर कधीच स्थिर उभी राहणार नाही. नवी स्लाइड टाकली तरी बॉडीची झीज तिथेच असते. बॉडीला स्लीव्ह घालून घेण्यापेक्षा आज बनणारा अमाल प्रीमियर घ्यावा, त्याची स्लाइड हार्ड ॲनोडाइझ केलेल्या ॲल्युमिनियमची असते.

मग फ्लँजवर (कार्ब इंजिनाला बसतो त्या सपाट कडेवर) पट्टी उभी धरा. मधोमध उजेड दिसला तर कोणीतरी नट जास्त आवळून फ्लँजचे कान वाकवलेत. हलका बाक काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून काढता येतो, जास्त असेल तर नको. आयडलचं मिश्रण ठरवणाऱ्या पायलट स्क्रूच्या भोकातून क्लीनर मारा; फवारा बोअरमधल्या (हवा जाते त्या मुख्य नळीतल्या) बारीक छिद्रांतून बाहेर यायला हवा. आतल्या ठोकून बसवलेल्या बुशचं भोक ०.०१६ इंचाचं असतं, वाळलेल्या पेट्रोलने ते बुजतं. ७८ नंबरचं ड्रिल हाताने फिरवून ते साफ होतं, मशीनला लावायचं नाही.

'जोडी' म्हणून विकतात तेव्हा बॉडीवरचा नंबर वाचाच. आर९३० (उजवा) आणि एल९३० (डावा) अशी खरी जोडी, पण सर्रास दोन्ही आर गळ्यात मारतात. मग डाव्या कार्बचे स्क्रू आतल्या बाजूला येतात आणि तिथे स्क्रूड्रायव्हर नीट जात नाही. नॉर्टनच्या ८५० कमांडोला ९३२ (३२ मिमी बोअरचा) लागतो, ९३० (३० मिमी) नाही.

फायबरग्लासच्या जुन्या कॅफे रेसर टाक्या चालवायच्या गाडीसाठी घेऊ नयेत. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं) झालं; इथेनॉलने फायबरग्लासमधली जुनी राळ (रेझिन) मऊ पडते आणि तो चिकटा थेट कार्बमधल्या त्या ०.०१६ इंचाच्या भोकात जाऊन बसतो. सीट, मडगार्ड बिनधास्त घ्या.

अलॉय रिमला नुसती ४० भोकं मोजून भागत नाही. भोकांचा कोन तुमच्या हबशी जुळत नसेल तर स्पोक निपलपाशी (रिममधल्या त्याच्या नटापाशी) वाकतो आणि तिथेच तुटतो. रिमच्या मापातलं डब्ल्यूएम२ म्हणजे १.८५ इंच रुंदी. तेही मोजून पाहा, लावलेल्या चिठ्ठीवर जाऊ नका.

नट-बोल्टांचे मिश्र डबे स्वस्त दिसतात. पण आट्यांच्या पद्धती वेगवेगळ्या: ५/१६ इंचाच्या बोल्टात सायकल थ्रेडला (जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींची पद्धत) इंचात २६ आटे, बीएसएफला (ब्रिटिश बारीक आटे) २२, यूएनएफला (अमेरिकी बारीक आटे) २४. दोन-तीन फेरे बोटाने जातात म्हणून पाना लावला की केसिंगचे आटे गेलेच. आणि १/४ इंचात सायकल आणि बीएसएफ दोन्ही २६ च. फरक फक्त आट्यांच्या कोनाचा, सायकलचा ६० आणि बीएसएफचा ५५ अंश, तो गेज उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही.