जर्नलचं पहिलं पान

कमी हजेरीची यादी आमच्या कॉलेजात सत्राच्या आठव्या आठवड्यात लागते. बडोद्यात त्या सुमारास गणपती नुकतेच उठलेले असतात आणि घरं जरा कुठे शांत होत असतात. दांडिया बाजारातल्या एका मराठी घरी फोन गेला. दुसऱ्या दिवशी आई, वडील आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा मुलगा समुपदेशन कक्षात माझ्यासमोर बसले होते.

"ताई, रोज डबा घेऊन निघतो, संध्याकाळी डबा रिकामा परत येतो. मला कसं कळणार?" आईला रडू आवरत नव्हतं. मुलगा कॉलेजच्या वेळात कमाटीबागेत बसत होता, रोज नाही, पण आठवड्यातून दोन-तीन दिवस.

मी आई-वडिलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मूल अठरा वर्षांचं झालेलं असतं, म्हणून आधी त्याच्याशी एकट्याशी बोलायचं आणि त्यातलं घरी काय सांगायचं ते त्यालाच विचारून ठरवायचं. झोप, जेवण, मित्र यांची चौकशी झाली की "जीव नकोसा होतो का?" हे मी सरळ विचारते. असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. ज्याच्या मनात तो आधीच असतो त्याला बोलायला वाट मिळते. हा "नाही" म्हणाला, पण झोप उडाली होती. तरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये टाकायला लावला. तो चोवीस तास चालतो आणि पैसे पडत नाहीत.

मग मी त्याचं केमिस्ट्रीचं जर्नल, म्हणजे प्रयोगवही, मागितलं. पहिल्या पानावर अनुक्रमणिका असते: प्रयोगाचा क्रमांक, नाव, तारीख, शिक्षकांची सही. पहिल्या प्रयोगापुढे सही होती, दुसऱ्यापुढे नव्हती, आणि त्याखाली पान कोरं होतं. सगळी हकीकत तिथेच होती.

दुसरा प्रयोग टायट्रेशनचा, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याचं प्रमाण मोजण्याचा. ज्या नळीतून ते सोडतात त्या ब्युरेटची रीडिंग एकमेकांशी ०.१ मिलीच्या आत जुळावी लागतात, त्याची जुळली नाहीत. निरीक्षणांवर त्याच दिवशी सही मिळाली नाही, तर घरी लिहिलेलं जर्नलही तपासलं जात नाही. काय चुकलं ते विचारायला हवं होतं, पण बारावीपर्यंत गुजराती माध्यम, घरी मराठी, आणि इथे सगळं इंग्रजीत. वर्गासमोर तोंड उघडेना. पुढच्या वारी जर्नल अपुरं म्हणून गेला नाही, त्याच्या पुढच्या वारी दोन प्रयोग राहिलेले म्हणून गेला नाही. यादीतली बरीच मुलं अशाच वाटेने आलेली असतात. त्यांना आळशी म्हटलेलं मला सहन होत नाही.

आई-वडिलांना आत बोलावून आम्ही हजेरीचं गणित कागदावर मांडलं. आमच्याकडे हजेरी विषयवार धरतात आणि ७५ टक्के लागते. विषयाचं वजन क्रेडिटमध्ये मोजतात. चार क्रेडिटचा थिअरीचा पेपर म्हणजे ६० तास, १५ आठवडे, आठवड्याला ४. त्यातले ४५ भरावे लागतात. ३२ तास झाले होते, हा १९ ला हजर होता. उरलेले सगळे २८ भरले तर ४७, म्हणजे वाचला. प्रॅक्टिकलचं गणित मात्र निर्दयी आहे. दोन क्रेडिटला तासांची बेरीज तीच, ६०, पण चार-चार तासांचे १५ वार. त्यातले १२ भरायचे. चौथा वार चुकला की नुसत्या नियमित हजेरीने सावरता येत नाही, आणि याचे केमिस्ट्रीचे नेमके चार चुकले होते. "आठवड्यातून एकच तर दिवस" म्हणून घरात प्रॅक्टिकलच्या दिवशीच लग्न-मुंज, गावी जाणं ठरतं. ते ठरवण्याआधी हे गणित करावं.

वडील म्हणाले, "मॅडम, ओळखीचे डॉक्टर आहेत, सर्टिफिकेट आणून देतो." मी नको म्हटलं. खोटा कागद तर आहेच, शिवाय त्याने टायट्रेशन येत नाही. मग त्यांनी वर्ष सोडायचं काढलं. एक वर्ष केलं की प्रमाणपत्र मिळतं असं त्यांच्या कानावर होतं. ते मिळतं, पण पहिल्या वर्षाचे ठरलेले क्रेडिट पुरे झाल्यावर आणि उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम केल्यावर. अर्ध्यातून उठून गेलेल्याला नाही. आणि सत्र पद्धतीत एक पेपर राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा असतो, बाकीचे क्रेडिट जमा राहतात.

"मग मीच जाऊन विभागप्रमुखांना भेटतो," म्हणत ते उठले. मी त्यांना बसवलं. अर्ज मुलानेच लिहायचा. नाव, रोल नंबर, बॅच, चुकलेल्या चार तारखा, कारण एका ओळीत खरंखुरं, आणि नेमकी मागणी: दुसऱ्या बॅचबरोबर राहिलेले प्रयोग करू द्यावेत. शिक्षकांना ते सहसा शक्य असतं, कारण उपकरणं त्या आठवड्यात मांडलेलीच असतात. अर्जाची एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवायची. वडील सोबत गेले, पण दाराबाहेर थांबले. वीसएक मिनिटांनी तो परत आला. तीन प्रयोगांना परवानगी मिळाली होती, चौथ्याची उपकरणं आवरून ठेवली होती.

निघताना आणखी एक गोष्ट कळली. मे महिन्यात प्रवेशाचा फॉर्म भरताना मोबाइल नंबर वडिलांचा दिला होता. प्रॅक्टिकलच्या बॅचपासून अंतर्गत परीक्षेच्या तारखांपर्यंत सगळे संदेश त्यांच्या फोनवर, दुकानाच्या निरोपांखाली पडून. विद्यार्थी विभागात अर्ज देऊन तो नंबर त्याच दिवशी बदलून घेतला. प्रवेश झाल्या झाल्याच हे करावं. पालकांचा नंबर पालकांच्या रकान्यातच शोभतो.

आईने विचारलं, "मी घरी काय करू? मला केमिस्ट्री येत नाही." यायची गरजच नाही. "कॉलेज कसं चाललंय?" याला "बरं" एवढंच उत्तर येतं. रविवारी चहा घेताना "जर्नलचं पहिलं पान दाखव" म्हणावं, तेही त्याच्याशी आधी बोलून, दप्तर न उचकता. सलग दोन सह्या नसतील तर रागावू नये. "सरांना काय विचारायचंय ते कागदावर लिहून ने" एवढं सांगावं. प्रश्न इंग्रजीत लिहून नेला की बोलताना जीभ अडखळली तरी काम होतं. प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री तोच प्रयोग आधी गुजराती पाठ्यपुस्तकात, मग इंग्रजीत वाचायचा; तासाभराचं काम आहे. आणि पहिले तीन महिने आठवड्यातली ती एक संध्याकाळ त्याला घरच्या कामाला जुंपू नये.

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलमध्ये तो त्या सत्रात पास झाला. थिअरीत एटीकेटी लागली, म्हणजे पेपर राहिला पण पुढे जाता आलं. तो पेपर तो पुढच्या खेपेला देणार आहे, आणि त्याचा फॉर्म भरण्याचे संदेश आता त्याच्याच फोनवर येतात.