आमची वाटचाल : रविवारी सकाळी अकराचा सायरन

2009 च्या दसऱ्याला कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत दहा बाय बाराचा गाळा भाड्याने घेतला, तेव्हा पाटीवर फक्त ‘इलेक्ट्रॉनिक्स रिपेअरिंग’ एवढंच लिहिलेलं होतं. मी आयटीआय केलेला, त्याआधी सहा वर्षं उद्यमनगरात मशीनची कंट्रोल पॅनेलं दुरुस्त करायचो. चोऱ्या रोखण्याच्या कामात यायचं असं काही ठरवलेलं नव्हतं. एका फौंड्रीच्या शेडमधून रात्रीत तांब्या-पितळेचं भंगार जायला लागलं. वॉचमन होते, पण साठीचे, पहाटे त्यांचा डोळा लागायचा. मालक मला म्हणाले, “भावा, शटर उघडलं की बोंब मारंल असं कायतरी करून दे.”

शटरला चुंबक लावला, चौकटीला रीड स्विच. चुंबक जवळ असला की स्विचच्या आतल्या पट्ट्या जुळून राहतात, लांब गेला की सुटतात. त्याला एक रिले, 12 व्होल्टची बॅटरी आणि टेम्पोचा हॉर्न जोडला. तिसऱ्याच आठवड्यात हॉर्न वाजला आणि समोरच्या वर्कशॉपची रात्रपाळीची पोरं धावत आली. आलेला माणूस हाती लागला नाही, पण त्या शेडमधून परत भंगार गेलं नाही. त्या हॉर्नचे पैसे मालकांनी सांगितल्यापेक्षा जास्त दिले, आणि उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावात आणखी पाच-सहा जणांकडे आमचं नाव सांगितलं.

घरांची कामं त्यानंतर आली. 2011 पर्यंत कॅमेऱ्याचे भाव खाली आले होते आणि जो तो कॅमेराच मागत होता. आम्हीही लावत सुटलो. चार कॅमेरे, त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा एक डीव्हीआर, टीव्हीखाली ठेवायचा, झालं काम. दोन वर्षं धंदा चांगला चालला.

मग फुलेवाडी रिंगरोडच्या एका बंगल्यातून सकाळी सातला फोन आला. घरची मंडळी सांगलीला लग्नाला गेली होती. चोरांनी पुढच्या दाराचा कोयंडा उचकटला, कपाट फोडलं, चार तोळे आणि रोकड नेली. मी धीर देत म्हणालो, “वहिनी, रेकॉर्डिंग असणारच, काळजी करू नका.” आत जाऊन बघतो तर टीव्हीखाली चार वायरी तोडून लोंबत होत्या. जाताना डीव्हीआरच उचलून नेला होता. वहिनी ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “तुम्ही म्हणाला होता, आता निवांत जावा.” त्यांची आठ वर्षांची मुलगी कपाटाच्या खोलीच्या उंबऱ्यावर उभी होती, आत पाय टाकत नव्हती. कपाटातले तिचे कपडेसुद्धा विस्कटून जमिनीवर पडले होते, आणि त्यांना कुणीतरी हात लावलाय म्हणून ती ते घालायला तयार नव्हती. सोनं पुन्हा करता येतं. त्या मुलीची झोप मात्र कितीतरी महिने उडाली होती, हे तिच्या आईनेच नंतर सांगितलं.

आमची खरी सुरुवात मी त्या दिवसापासून धरतो. आम्ही त्यांचे पैसे परत केले, पुढचा महिना नवीन काम घेतलं नाही, आणि लावलेल्या प्रत्येक घरी जाऊन डीव्हीआर हलवला: माळ्यावर, जिन्याखालच्या कुलपाच्या पेटीत, जिथे पटकन नजर जाणार नाही तिथे. हे करताना बाकीच्या चुकाही दिसल्या. कॅमेरे एवढे उंच लावलेले, की चित्रात फक्त टोपीचा माथा यायचा. आता फाटकाचा कॅमेरा आम्ही सात-आठ फुटांवर लावतो, म्हणजे येणाऱ्याचा चेहरा येतो. काही घरांचा मीटर आणि मेन स्विच बाहेर भिंतीवर. तो खाली ओढला की सगळे कॅमेरे आंधळे. तेव्हापासून बॅटरी बॅकअपशिवाय आम्ही काम देतच नाही.

कोल्हापूरच्या पावसानेही खूप शिकवलं. रात्री कॅमेऱ्यापाशी किडे येतात, किड्यांसाठी कोळी येतो, आणि काचेसमोर जाळं विणतो. कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात जाळं एवढं चकाकतं, की मागचं अंगण दिसतच नाही. महिन्यातून एकदा केरसुणी फिरवा, हे गिऱ्हाइकाला आम्ही सही घेतानाच सांगतो. मोशन सेन्सरची गोष्ट वेगळी. तो हलत्या अंगाची उष्णता ओळखतो, पण पाल किंवा झुरळ थेट त्याच्या काचेवरच फिरलं तर तोही फसतो. शिवाजी पेठेत एका घरी पालीमुळे तीन रात्री सायरन वाजला. चौथ्या दिवशी आजोबांनी वायरच काढून टाकली. त्यांचं काय चुकलं? खोटं बोंबलणारी यंत्रणा दोन-चार दिवसांत बंद पडते, मग ती कितीही भारी असो. आता आम्ही सेन्सरच्या पाठीमागची वायरीची भोकं सिलिकॉनने बुजवतो, आणि जिथे पंखा, चूल किंवा पश्चिमेचं ऊन समोर येतं तिथे तो लावतच नाही.

याच काळात एका पुरवठादाराने आम्हाला तांब्याची म्हणून वायर दिली, ती आतून ॲल्युमिनियमची निघाली, वर नुसता तांब्याचा मुलामा. दोन पावसाळ्यांत सांधे हिरवे-पांढरे पडून चित्र थरथरायला लागलं. अकरा घरांची वायर आम्ही स्वतःच्या खर्चाने बदलली. तेव्हापासून प्रत्येक नव्या बंडलचं टोक ब्लेडने खरवडून बघूनच गाडीत टाकतो.

2019 चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर, सगळीकडे पाणी. तेव्हा मी डोळ्यांनी बघितलंय, माणसं गळ्याएवढ्या पाण्यातसुद्धा घर सोडायला तयार नव्हती, कारण मागे घर फोडतील ही भीती. आमची तीन गिऱ्हाइकं केवळ फोनवर घर दिसतंय या भरवशावर बोटीत बसली. वीज गेली, मग चित्रही गेलं, पण तोपर्यंत ती सुखरूप बाहेर आली होती. पाणी ओसरल्यावर तळमजल्यावरच्या डीव्हीआरमधून गाळ काढला, मजुरी घेतली नाही. 2021 ला पुन्हा पूर आला तेव्हा पूरपट्ट्यातल्या आमच्या एकाही घरी डीव्हीआर तळमजल्यावर नव्हता.

आता कुणी कामाला बोलावलं की आधी मी दार बघतो. कॅमेऱ्याचं नंतर. बाहेरून लावलेलं भलंमोठं कुलूप रस्त्याने जाणाऱ्याला सांगतं की घरात कुणी नाही. दारातच बसवलेलं आतलं लॅच-लॉक असेल तर ते कळत नाही. कोयंडा अर्ध्या इंचाच्या स्क्रूने चौकटीवर टेकवलेला असतो, तो पहारीच्या एका हिसक्यात येतो. आम्ही तो आरपार बोल्टने, आतून नट लावून बसवतो. मागचं दार आणि गच्चीचं दार हे तर बहुतेक घरांत नावालाच असतं. कुंडीखालची किल्ली, चपलांच्या कपाटातली किल्ली, मीटरच्या पेटीतली किल्ली: जिथे तुम्हाला ठेवावीशी वाटते तिथेच चोरही आधी हात घालतो. हे सगळं सुतार दोन-तीन हजारांत करून देतो, आणि त्यात आमचा फायदा काही नाही, तरी ते झाल्याशिवाय मी कोटेशन लिहीत नाही.

बाकी माहिती थोडक्यात. चार कॅमेऱ्यांचं सलग रेकॉर्डिंग 1 टीबीच्या डिस्कवर सेटिंगप्रमाणे साधारण दहा ते वीस दिवस राहतं, त्यानंतर जुनं पुसून नवं चढतं. महिनाभर चारधामला जाणाऱ्यांनी मोठी डिस्क घ्यावी. कंपनीतून आलेला पासवर्ड बदलल्याशिवाय आमचा माणूस घरातून निघत नाही, कारण तो जगाला माहीत असतो. 9 एप्रिल 2025 पासून कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या चाचणीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं, ते बघून घ्या. झोपायच्या खोलीत आम्ही कॅमेरा लावत नाही, कुणी कितीही पैसे देवोत. आणि चोरी झालीच, तर कशालाही हात न लावता 112 ला फोन करा. ठसे मिळाले तर त्या न हात लावलेल्या जागेवरच मिळतात. रेकॉर्डिंग कोर्टात पुरावा म्हणून द्यायचं तर जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पोलिसांना ते लागेल तेव्हा आमचा मुलगा जाऊन मदत करतो, त्याचं बिल नसतं.

पण सगळ्यात जास्त मी सायरनवर बोलतो. कॅमेरा झालेलं दाखवतो, सायरन होत असताना सांगतो. तो चोरासाठी वाजतो असं लोकांना वाटतं. तो वाजतो शेजाऱ्यांसाठी. आमच्या पेठांत अजून तालमी आहेत, गल्लीत रात्री उशिरापर्यंत जागी पोरं असतात, त्यांच्या कानावर आवाज पडला पाहिजे. म्हणून आम्ही एक पद्धत लावली: दर रविवारी सकाळी अकराला प्रत्येकाने आपला सायरन दहा सेकंद वाजवायचा. बॅटरी तपासून होते, आणि गल्लीला आवाज ओळखीचा होतो. अकरा सोडून दुसऱ्या वेळी वाजला, तर काहीतरी झालंय. नव्या कॉलन्यांत शेजाऱ्याचं नावही माहीत नसतं, तिथे मी आधी आजूबाजूच्या चार घरांचे नंबर घ्यायला लावतो, मग पॅनेल बसवतो.

मंगळवार पेठेतल्या एका काकींकडे गेल्या हिवाळ्यात रात्री दोन चाळीसला सायरन वाजला. काकी एकट्याच असतात, मुलगा बेंगळुरूला. मिनिटाभरात तालमीतली पोरं बॅटऱ्या घेऊन दारात होती. परसातून कुणीतरी भिंत चढून पळालं, खाली कटावणी पडलेली सापडली. मागच्या दाराची कडी वाकलेली होती, बोल्ट मात्र हलला नव्हता. पोलीस पंचनामा करून गेले, आणि सकाळी साडेसातला काकींचा मला फोन.

“अरे बाळा, कडी तेवढी वाकडी झालीय, नवी घेऊन ये. आणि येताना बॅटरीपण आण, तिला तीन वर्षं झाली बघ.”