आमची वाटचाल : कर्णातला तीन मिलिमीटरचा फरक

आमचं दुकान मूळचं सांगलीच्या गावभागातलं. अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी तिथं चाळीस वर्षं दारं, चौकटी आणि देव्हारे केले. २००५ ला पाणी आलं तेव्हा सागवानाच्या फळ्या भिजल्या, त्या सावलीत वाळवून वापरल्या. २०१९ च्या ऑगस्टचं पाणी मात्र हलेचना. प्लायचे पदर सुटले, एमडीएफचा (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डाचा) लगदा झाला. तेही भरून आलं असतं. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत अण्णांचे पुठ्ठ्याचे नमुने होते, कमळं, मोर, वेलबुट्ट्या, चौकटीच्या महिरपी. तिथवर पाणी चढणार नाही असा आमचा हिशेब. पेटी उघडली तर आत एकच ओला ठोकळा. अण्णा काही बोलले नाहीत. पेटी धुतली आणि उन्हात पालथी घातली.

लाकूड कापणारं-कोरणारं संगणकी मशीन का घेतलं, असं कोणी विचारलं की मी धंदा वाढवायचा होता म्हणून सांगतो. घरात सगळ्यांना माहीत आहे, ती पेटी हे कारण.

२०२१ मध्ये कुपवाडला गाळा घेतला, पाण्यापासून लांब. मुद्रा योजनेच्या तरुण गटात तेव्हा १० लाखांपर्यंत कर्ज मिळायचं, त्यातून ४ बाय ८ फुटी बेडचा, ३ किलोवॅट स्पिंडलचा (कापणारं बिट फिरवणाऱ्या मोटरचा) सीएनसी राउटर, म्हणजे ते मशीन, आलं. हायड्रा क्रेननं ट्रकवरून उतरवला तेव्हा गाळ्याचं शटर चार बोटं बुटकं निघालं. पाइपांवरून ढकलत आत घेतला, त्यातच संध्याकाळ झाली.

कंपनीचा माणूस दीड दिवसात जोडणी करून गेला. पाणसळ लावून बेड सपाट केला, वर एमडीएफ टाकून फेसिंग मारलं, म्हणजे त्याचा वरचा थर कापून एकसारखा केला, एक गणपती कोरून दाखवला, आम्ही पेढे वाटले. पहिलं गिऱ्हाइकाचं काम कपाटाच्या पल्ल्यांचं होतं. पल्ले चौकटीत बसेनात. मी सॉफ्टवेअरमध्ये दोन दिवस चूक शोधत होतो. अण्णांनी एक कांबी घेतली आणि २४०० बाय १२०० चा पल्ला बेडवर ठेवून दोन्ही कर्ण मोजले. तीन मिलिमीटरचा फरक. "ह्याचा गुण्या चुकलाय," एवढंच म्हणाले. गँट्रीची, म्हणजे स्पिंडल धरणाऱ्या आडव्या पुलाची, एक बाजू पावणेदोन मिलिमीटर मागं होती. नट सैल करून सरकवली, पुन्हा कापलं, पुन्हा कर्ण. चौथ्या खेपेला जुळलं. त्या रात्री मला कळलं की मशीन शून्य दशांश शून्य एकवर अचूक असलं तरी ते कशाशी काटकोनात आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

बिट जळण्याचा प्रकारही असाच. महागडं बिट मोडेल या भीतीनं मी ते हळू चालवायचो, मिनिटाला एक मीटर, स्पिंडल १८००० वर. बिटं काळी पडायला लागली, एमडीएफला जळका वास. अण्णांनी भुसा चिमटीत घेऊन बघितला. "अरे, पीठ पाडतंय की हे. घासतंय, कापत नाही. रंध्याची धार गेली की असंच होतं." मग कागदावर मांडलं. दोन धारांचं ६ मिलिमीटरचं बिट, १८००० फेरे, प्रत्येक धारेला दशांश एक मिलिमीटर लाकूड मिळायचं तर वेग मिनिटाला ३.६ मीटर हवा. छाती धडधडत वेग वाढवला. पिठाच्या जागी जाडसर भुसा पडला, बिट गार राहिलं.

अर्थिंगचं जास्त लांबवत नाही. मध्येच डिझाइन दोन-चार मिलिमीटर सरकायचं, तेही दुपारी. व्हीएफडीची, म्हणजे स्पिंडलचा वेग ठरवणाऱ्या यंत्राची, केबल गँट्री हलवणाऱ्या मोटरच्या वायरींना चिकटून टाकलेली होती, तिचा विजेचा गोंधळ त्यांच्यात शिरायचा. ती लांब केली, कोळसा-मीठ घालून नवा अर्थिंगचा खड्डा केला, तेव्हा थांबलं. इलेक्ट्रिशियनला मी पहिल्याच दिवशी बोलवायला हवं होतं.

कोरीव दारं विकून हप्ते फेडायचे असा बेत होता. तो हिशेब कच्चा होता. ६०० बाय १२०० चं एक पॅनेल धरा, गोल टोकाच्या बॉलनोज बिटाच्या दोन फेऱ्यांमध्ये अर्धा मिलिमीटर अंतर. म्हणजे १२०० फेऱ्या, प्रत्येकी १.२ मीटर, एकूण १४४० मीटर. मिनिटाला ३ मीटर धरलं तरी फिनिशिंगलाच आठ तास, रफिंग (आधीची जाडीभरडी कापणी) वेगळं. त्यात वीज गेली की पुन्हा झीरो (सुरुवातीचा बिंदू) घेऊन, जिथं थांबलं होतं तिथून उचला. एवढ्या तासांचे पैसे द्यायला गिऱ्हाईक तयार नसतं, ते मोबाइलवर छापील दाराचा फोटो दाखवतं.

हप्ते फिटले ते जॉबवर्कवर. मशीन आलं तेव्हा वखारभागातले दोन मिस्त्री म्हणाले होते, "आता आमच्या पोटावर पाय." आज तेच शीट घेऊन येतात, जाळ्या, हँडलचे खाचे, गोल टेबलटॉप कापून नेतात. सोबत चहाही आणतात. मिरजेचे एक सतारमेकर आले होते. तंबोऱ्याची दांडी मशीनवर करायची का, असं मी उत्साहानं विचारलं. त्यांनी तुनाच्या लाकडावर बोट वाजवून दाखवलं, काही बोलले नाहीत, आणि फक्त वेलपत्तीचे प्लायचे साचे कापून नेले. तेवढं पुरे होतं त्यांना, आणि मलाही समजलं.

नमुन्यांचं काम रविवारी चालतं. अण्णांनी केलेली दारं गावभागात अजून शाबूत आहेत. मी आणि माझी मुलगी बटर पेपर घेऊन जातो, दारावर लावतो, वरून पेन्सिल घासतो, उठाव कागदावर उतरतो. घरमालक आधी संशयानं बघतात, मग खुर्ची आणून देतात. घरी फोटो काढून, माप लावून त्याच्या रेघा काढायच्या. आतापर्यंत ३१ नमुने झाले. एका मोराचा तुरा अर्धाच मिळाला, दारावर कुणीतरी कडी ठोकली होती. तो अण्णांनी आठवणीनं पुरा केला, दोनदा खोडून.

परवा त्यांनी विचारलं, "हे सगळं कुठं ठेवतोस?"

"पेनड्राइव्हवर, अण्णा. घरी कपाटात, वरच्या कप्प्यात."

"किती वर?"