तुम्ही विचारलंत म्हणून: ‘महिनाभरच तर घेतली, मग पटकन सुटेल ना?’

प्रश्न जवळजवळ याच शब्दांत येतो. तो असतो बुप्रेनॉर्फिनबद्दल, म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांची सवय सोडवायला जी गोळी देतात तिच्याबद्दल. कुणी स्वतःसाठी विचारतं, कुणी मुलासाठी. एका बाईंनी नवऱ्यासाठी विचारलं, तेव्हा त्या कुजबुजत बोलत होत्या, कारण तो पलीकडच्या खोलीत झोपला होता. सगळ्यांचा हिशेब एकच असतो: गोळी थोडे दिवस घेतली, म्हणजे सोडायलाही थोडेच दिवस लागतील. माझाही तोच होता, आणि तो चुकला. म्हणून सविस्तर लिहिते.

अपघातानंतर मला अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या. दुखणं कमी झालं, गोळ्या वाढल्या. पाचव्या महिन्यात मी डॉक्टरांनी सांगितलेल्यापेक्षा कितीतरी जास्त घेत होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. मग मीच जाऊन सांगितलं आणि बुप्रेनॉर्फिन सुरू झाली. जिभेखाली ठेवायची, पूर्ण विरघळेपर्यंत गिळायची नाही, बोलायचं नाही. 8 मिलिग्रॅमवर मी स्थिरावले. तलफ गेली, झोप आली, जेवण जायला लागलं. चौथ्या आठवड्यात वाटलं, आता मी बरी आहे, मग ही गोळी तरी कशाला?

डॉक्टर म्हणाले, थांबा. मी थांबले नाही. दोन आठवड्यांत 8 वरून 6, 4, 2 आणि मग शून्य. गुरुवारी शेवटची गोळी घेतली. शुक्रवारी काही झालं नाही, शनिवारीही नाही. शनिवारी मी कपाटं आवरली आणि नवऱ्याला म्हटलं, “बघ, सुटली.” रविवारी संध्याकाळी जांभया सुरू झाल्या. झोपेच्या नाहीत, जबडा दुखेल अशा, एकामागून एक. मग नाक गळायला लागलं, शिंका, डोळ्यांतून पाणी. रात्री पांघरुणाखाली हातावर काटा उभा होता आणि तरी घाम येत होता. पाय स्थिर ठेवताच येईनात. पाय आतून कुणीतरी ओढतंय असं वाटायचं. उठून चार पावलं चाललं की मिनिटभर बरं, आडवं झालं की पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री मी भिंतीला पाय टेकवून फरशीवर पडून होते.

तो शुक्रवार-शनिवार फसवा का असतो, हे नंतर कळलं. ही गोळी मेंदूतल्या ज्या जागांवर अफूची औषधं बसतात तिथेच जाऊन बसते. पण घट्ट बसते, अर्धवटच काम करते आणि सावकाश उठते. रक्तातलं तिचं प्रमाण निम्मं व्हायला साधारण 24 ते 42 तास लागतात. म्हणून शेवटच्या डोसनंतर दोन-तीन दिवस काहीच जाणवत नाही, आणि माणसाला वाटतं आपण जिंकलो. त्रास सुरू झाला की तो हेरॉइन सुटल्यावरच्या त्रासापेक्षा बहुतेकदा सौम्य असतो, पण लांबतो. जुलाब आणि घाम काही दिवसांत आवरतात. झोप आणि पायांची वळवळ कित्येक आठवडे रेंगाळू शकते.

दुसरी गोष्ट आकड्यांची. 8 वरून 6 म्हणजे पाव भाग कमी. 2 वरून 1 म्हणजे निम्मा, आणि 1 वरून शून्य म्हणजे सगळाच. दर वेळी ‘थोडंसंच तर कमी करतेय’ असं वाटतं, पण शरीर मिलिग्रॅम मोजत नाही. मेंदूचे स्कॅन करून झालेल्या एका छोट्या अभ्यासात 16 मिलिग्रॅमने त्या जागांपैकी सुमारे 80 टक्के व्यापलेल्या दिसल्या, आणि 2 मिलिग्रॅमनेही सुमारे 40 टक्के. म्हणजे 2 वरून उडी मारणारा माणूस पायरीवरून नाही, मजल्यावरून उडी मारत असतो.

आता जे सांगायला मला आजही जड जातं ते. नवव्या दिवशी शरीर बऱ्यापैकी शांत झालं होतं. कपाटात जुन्या वेदनाशामक गोळ्यांची एक पट्टी राहिली होती; शनिवारी आवरताना ती मी पाहिली होती आणि टाकली नव्हती. पूर्वी एका वेळी जेवढ्या घेत असे तेवढ्या मी तळहातावर मोजून घेतल्या. हाताला ती संख्या पाठ होती. तेवढ्यात नवरा आत आला. तो ओरडला नाही, काही विचारलंही नाही, फक्त हात पुढे केला. मी गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना ती संख्या सांगितली तेव्हा ते काही क्षण गप्प बसले. सवय सुटत आली की सहनशक्तीही उतरते. पूर्वी पचायचा तो डोस आता श्वास थांबवू शकतो, आणि वर दारू किंवा झोपेची गोळी असेल तर अधिकच. उपचार बंद केल्यानंतरचे पहिले चार आठवडे मृत्यूच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात, हे मला त्या दिवशी कळलं. सोडण्याआधी कळायला हवं होतं. म्हणून मला विचारणाऱ्याला मी आधी हेच विचारते: घरात जुन्या गोळ्या आहेत का? आणि नालोक्सोन आहे का, ते कसं द्यायचं हे घरातल्या निदान एका माणसाला येतं का? श्वास मंदावलेल्या माणसाला ते परत आणू शकतं, पण त्याचा असर लवकर ओसरतो, म्हणून ते दिलं तरी रुग्णवाहिका बोलवावीच लागते.

डॉक्टर रागावले नाहीत. गोळी पुन्हा सुरू झाली. मी रडले, कारण मला ती हार वाटत होती. त्यांनी मला स्टॉकहोममधल्या 2003 सालच्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. हेरॉइनच्या विळख्यातली 40 माणसं. निम्म्यांना बुप्रेनॉर्फिन सहा दिवसांत कमी करत बंद केली, निम्म्यांना वर्षभर चालू ठेवली. समुपदेशन दोघांनाही सारखंच. वर्षाअखेर चालू ठेवलेल्यांपैकी 75 टक्के उपचारात टिकून होते. सहा दिवसांच्या गटातला एकही उरला नव्हता, आणि त्यातले चार जण मेले होते. माझ्यासारख्या, वेदनाशामक गोळ्यांत अडकलेल्यांवरही अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, 2011 मध्ये तो छापून आला. 653 जण होते. थोडे आठवडे देऊन गोळी बंद केली तेव्हा पुढच्या दोन महिन्यांत जेमतेम 7 टक्के सावरलेले राहिले. ज्यांचं जमलं नाही त्यांना 12 आठवडे गोळी चालू ठेवली, तर त्यातले जवळजवळ निम्मे चांगले होते. पुन्हा बंद केली, आणि आकडा 9 टक्क्यांच्या आसपास घसरला.

हे मी कुणाला घाबरवायला सांगत नाही. ‘तुझ्यात निर्धार नव्हता’ असं जे मी स्वतःला म्हणत होते, ते या आकड्यांनी पुसून टाकलं.

दुसऱ्या खेपेला चार महिने मी सोडायचा विषयच काढला नाही. त्या काळात दुखण्यावर व्यायाम आणि वेगळी औषधं बसवली, कामावर परत गेले, सासूबाईंना खरं काय ते सांगितलं. मग उतरायला सुरुवात केली, आणि या वेळी अट अशी होती की पुढची पायरी तारखेवर ठरणार नाही. वहीत रोज तीनच नोंदी: झोप किती तास, तलफ दहापैकी किती, आज रडू आलं का. आठवडा वाईट गेला तर डोस तिथेच. एकदा सहा आठवडे मी 2 वर थांबून होते. पहिल्या खेपेला गोळी काळ्या ताटलीत ब्लेडने कापायचे. अर्धी उडायची, चुरा बोटाने टिपून जिभेखाली ठेवायचे, आणि आज किती गेलं हे देवच जाणे. या वेळी डॉक्टरांनी 0.4 च्या गोळ्या दिल्या. 1.6, 1.2, 0.8 असं मोजून उतरता आलं. शेवटचे 2 मिलिग्रॅम उतरायला आधीच्या 6 पेक्षा दुप्पट वेळ लागला.

त्रासाच्या दिवसांसाठी क्लोनिडिन मिळालं होतं. त्याने घाम आणि तळमळ कमी झाली, पण रक्तदाब उतरतो, म्हणून पलंगावरून एकदम उठायचं नाही. जुलाबांसाठी लोपेरामाइड, सांगितलं तेवढंच. जास्त घेतलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पायांना गरम पाण्याने बरं वाटायचं, रात्री दोनलासुद्धा.

मेथाडोन या सवय सोडवायच्याच दुसऱ्या औषधावर असलेलेही विचारतात; त्यांचं वेळापत्रक माझ्यावरून लावू नये. ते औषध वेगळं आहे, पुरतं काम करणारं आहे, ते फार संथ उतरवावं लागतं. गरोदर बाईने तर स्वतःहून कमी करूच नये. आणि ज्यांना रुग्णालयात पाच-सात दिवसच बुप्रेनॉर्फिन दिली, त्यांना ती बंद होताना शरीराला फारसं जाणवणारही नाही कदाचित. त्यांना मी एवढंच विचारते, की आठव्या दिवसानंतर तुमच्याबरोबर कोण आहे.

परवा एकाने विचारलं: 1 मिलिग्रॅमवर आलोय, सोमवारपासून नवी नोकरी आहे, शुक्रवारी बंद केली तर शनिवार-रविवारात उरकेल ना? मी त्याला माझा गुरुवार आणि माझा रविवार सांगितला. तो बोटांवर दिवस मोजत म्हणाला, “म्हणजे नेमका सोमवार.” मग त्याने माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला.